दोन बोटं कमी

या, बसा. काही घ्यायचं नसलं तरी बसा, आमच्या दुकानाची तशी रीतच होती. मी कापड मोजायचा गज बोलतोय. जन्म मीटरचा, पण जुन्या मापाचं नाव चिकटलं ते चिकटलं. अंग शिसवी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि मध्ये पाव, अर्धा, पाऊण अशा तीन पितळी खुणा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून वाद नको. मी दोन बोटं कमी आहे. साडेशहाण्णव सेंटीमीटर. आणि तरीही मी खोटा नाही. ज्याला हे पटत नाही त्यानं उठून जाऊ नये, उलट त्यानंच शेवटपर्यंत बसावं. आधीच पटलेल्या गिऱ्हाइकाशी बोलून दुकानदाराला काय मिळतं?

एका सुतारानं दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यातून मला तासला. माझे मालक तेव्हा बावीस वर्षांचे होते. चौथीनंतर त्यांनी शाळा सोडली की शाळेनं त्यांना सोडलं, यावर घरात दोन मतं होती. धंदा ते शिकले दुसऱ्यांच्या दुकानांसमोर उभे राहून. कोण कापड कसं उलगडतो, कोण गिऱ्हाइकाला पाणी आधी विचारतो आणि कोण नंतर, हे सगळं डोळ्यांनी टिपून ठेवलं आणि मग अरुंद गाळ्यात स्वतःचं दुकान थाटलं. भिंतीला कपाटं, समोर सागवानी फळीचा लांबलचक काउंटर, आणि काउंटरवर मी.

माणसं ओळखायची विद्या मला त्या काउंटरवर मिळाली. ज्याला कापड घ्यायचं नसतं तो सगळे रंग काढायला लावतो आणि प्रत्येकाची तारीफ करतो. ज्याला घ्यायचं असतं तो एकच तागा धरून बसतो आणि त्याला नावं ठेवतो. मालक म्हणायचे, "नावं ठेवणारा आला की कात्री जवळ घ्यावी."

आता माझी दोन बोटं कुठे गेली ते सांगतो. शाळा सुरू व्हायचा आठवडा होता. गणवेशाच्या कापडासाठी दारात रांग. मालकांनी घाईनं शटर वर ढकललं, ते अर्ध्यातून घसरलं, आणि मी नेमका उंबऱ्याला टेकवून ठेवलेला. माझं एक टोक चेचलं. पितळी टोपी चपटी झाली, लाकूड फाटलं. दुसरा गज नाही आणि रांग तर बघता बघता वाढतेय. मालकांनी करवत घेतली, फाटलेलं टोक उडवलं, टोपी ठोकून सरळ केली आणि परत बसवली. दोन बोटं भरेल एवढं लाकूड गेलं. मग पहिल्या गिऱ्हाइकाचं कापड माझ्यावर लावलं, माझ्या टोकाला आपली दोन बोटं आडवी ठेवली आणि बोटांच्या पलीकडे कापड चिमटीत धरलं. एक मीटर, आणि दोन बोटं. दुसरा मीटर, आणि दोन बोटं. माप चोख.

एका दिवसापुरती सोय होती ती. पण संध्याकाळपर्यंत रांगेत बोलणं पसरलं, "हा माणूस प्रत्येक मीटरमागे दोन बोटं वर देतो." दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट झाली.

मालकांनी कुणालाही सांगितलं नाही की मी वर देतो. आणि देत नाही, असंही सांगितलं नाही. बोटं सगळ्यांसमोर ठेवली जायची, ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं. आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला होता आणि ती दोन बोटं आम्ही गिऱ्हाइकाला देत होतो. तुम्ही याला लबाडी म्हणणार असाल तर खुशाल म्हणा. मी विचारतो, कुणाच्या पदरात सूतभर तरी कमी पडलं का?

एकच बाई आम्हाला पुरून उरली. शिवणकाम करायची. कापड घेऊन गेली ती दुसऱ्या दिवशी परत आली. म्हणाली, "घरी मोजलं. बरोबर चार मीटर भरलं."

"मग तक्रार कसली, बाई?"

"चार मीटरवर तुमची आठ बोटं हवी होती. ती कुठं आहेत?"

मालकांनी पापणी हलवली नाही. "पहिल्या धुण्यात कापड आटतं. आपल्याकडे आधीच आटवून देतात."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि पदराआड हसली. पुढची वीस वर्षं तिनं कापड आमच्याकडूनच नेलं आणि कुणाला अवाक्षर बोलली नाही. अशी गिऱ्हाइकं नशिबानं मिळतात.

वजनमापं तपासणारे साहेब वर्षातून एकदा यायचे. त्यांच्यासाठी एक लोखंडी गज भिंतीवर टांगलेला असे. सरळ, चकचकीत, शिक्का मारलेला. साहेब त्याला तपासायचे, मान डोलवायचे आणि जायचे. तो बिचारा जन्मभर पूर्ण मापाचा राहिला आणि जन्मभर एकही तागा त्याच्या अंगाला लागला नाही. काम मी केलं. शिक्का त्याला मिळाला. याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण जाऊ द्या.

पुढे लोक शिवलेले कपडे घेऊ लागले आणि मालकांचे गुडघे कुरकुरू लागले. दुकान आवरायचं ठरलं तेव्हा मालकांनी रडगाणं गायलं नाही. काउंटरची फळी सुताराकडे दिली आणि तिचा पलंग करून घेतला. सपाट, टणक, त्यांच्या पाठीला मानवणारा. म्हणाले, "हिच्यावर चाळीस वर्षं उभ्यानं हात टेकले. आता आडवा होतो." मला घरी आणून दाराआडच्या खिळ्याला लटकवलं. लोखंडी गज भंगारात गेला. बघा, शिक्का असून.

घरात मालक, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलगा छापायच्या आधी पुस्तकांतल्या चुका शोधायचं काम घरी बसून करतो. दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरतो असं मालक कौतुकानं सांगतात. सूनबाई रुग्णालयात परिचारिका. घरात काहीही मोजायचं झालं की हाक यायची, "गज घ्या." टेप विकत आणायची कल्पनाच कुणाला शिवली नाही. कापडवाल्याच्या घरात टेप? आचाऱ्यानं बाहेरून डबा मागवण्यासारखं ते. मालक सोडून बाकी दोघांना माझी गोष्ट माहीत नव्हती. दोन बोटं कुणी देत नसे. खिडकी मोजली की ती असायची त्याहून मोठी भरायची आणि कापड जास्त यायचं. त्यामुळे या घरातले पडदे कायम जमिनीवर लोळायचे. दर वेळी बोल शिंप्याला लागायचा. मालक वर्तमानपत्रामागे तोंड लपवून खोकायचे.

तर असं सगळं सुरळीत असताना सूनबाईंना नवी नोकरी लागली. दूरच्या शहरात, मोठ्या रुग्णालयात, सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख. राहायला तिथलंच क्वार्टर. तीन आठवड्यांत हजर व्हायचं.

सूनबाई कामाला वाघ. त्याच दिवशी मोठा कागद भिंतीला चिकटवला, त्यावर रकाने आखले. न्यायचं, द्यायचं, विकायचं, विचारायचं. घरातली एकेक वस्तू अनुक्रमांक घालून त्यात बसवली. क्वार्टरचा नकाशा फोनवर मागवून घेतला, त्यात प्रत्येक भिंतीचं माप होतं. मग मला खिळ्यावरून काढलं.

चार दिवस मी घरभर फिरलो. कपाटावर चढलो, शिडीच्या पायऱ्यांत शिरलो, धुण्याच्या यंत्रामागच्या धुळीत लोळलो. सूनबाई माझी एकेक लांबी मोजायच्या आणि उरलेलं शाळेतल्या जुन्या पट्टीनं भरायच्या. मुलगा आकडे लिहून घ्यायचा. दोन बोटं कुणी दिली नाहीत. साहजिकच जे बसणारं होतं ते बसेना. मुलाची पुस्तकांची मांडणी कोनाड्यात मावत नाही असं निघालं, म्हणून शेजाऱ्यांना विकून टाकली. शेजाऱ्यांनी तासाभरात नेलीसुद्धा. चपलांचं कपाट गेलं. आरशाचं टेबल गेलं.

आणि मग पलंग.

छोटी खोली मालकांसाठी होती. तिच्या एका भिंतीत दार, एकीत खिडकी, एकीत बांधलेलं कपाट. पलंग लावायला एकच भिंत उरत होती, नकाशात दोन मीटर पाच. सूनबाईंनी मला पलंगावर ठेवलं. एकदा, दोनदा, आणि पट्टीनं वरचे सात सेंटीमीटर.

"दोन सात," त्या म्हणाल्या. "अगदी दोनच सेंटीमीटरसाठी अडतंय हो."

मुलगा म्हणाला, "बाबा, पायाकडून जरासा कापून घेऊ या?"

"मला काप," मालक म्हणाले.

"मग तिथे नवा घेऊ की. हल्ली जाड गाद्यांचे छान मिळतात."

"तुझ्या छान गादीवर दोन रात्री झोपलो तर तिसऱ्या दिवशी मला घडी घालून उचलावं लागेल." मालक खुर्चीतून हलले नाहीत. "पलंग मावत नाही तर नाही. मी ताईकडे राहतो. तिची मागची खोली रिकामीच आहे. पलंगही तिथे जाईल. तुम्ही निर्धास्त जा."

ताई म्हणजे त्यांची लेक. मागच्याच गल्लीत राहते, मनानं चांगली आहे. पण मालकांचं आणि तिचं दोन तासांच्या वर पटत नाही. दोघंही दुकानदार स्वभावाची, दोघांनाही शेवटचा शब्द आपला हवा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सूनबाई भिंतीवरच्या कागदापाशी गेल्या. पलंगाचा अकरावा आकडा होता, त्याच्यापुढे त्यांनी 'द्यायचं' असं लिहिलं.

मी त्यांच्या हातात होतो आणि मालक समोर खुर्चीत होते. त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षं ज्यानं माझ्या टोकाला बोटं लावली त्याला माहीत नसेल? एक शब्द पुरला असता. "दोन बोटं दे गं." बस. ते माझ्याकडे बघत राहिले आणि गप्प राहिले. मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. मालकांचा मुक्काम माझ्या साडेतीन सेंटीमीटरवर ठरत होता आणि मालकच तोंड शिवून बसले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी सामान हलवणाऱ्या कंपनीचा मुकादम आला. कानामागे पेन्सिल, कमरेला पोलादी टेप. ट्रकमध्ये काय कसं बसेल ते बघायला आला होता. पलंग ताईंच्या घरापर्यंत पोचवायचं कामही त्यालाच दिलं होतं, म्हणून त्यानं पलंगही मोजला.

"दोन मीटर," तो म्हणाला.

"दोन सात," सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"नाही ताई, बरोबर दोन."

सूनबाई हात पुसत बाहेर आल्या. "मी स्वतः मोजलाय."

"कशानं?"

"गजानं. आमच्या दुकानाचा गज आहे. चाळीस वर्षं लोकांनी त्यावर विश्वास ठेवलाय. तुमची टेपच ओढून ओढून ताणली असेल."

"पोलाद ताणत नाही हो ताई," मुकादम हसला. "ताणतात ती माणसं."

सांगतो, त्या क्षणी मला सूनबाईंचा अभिमान वाटला. माझ्यासाठी भर सकाळी परक्या माणसाशी भांडायला उभी राहिलेली ती पहिलीच. आणि वाईट वाटलं, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं. मुकादमानं मला जमिनीवर आडवा केला, टेपचं टोक माझ्या एका टोपीला अडकवलं आणि दुसऱ्या टोपीपर्यंत ओढलं.

"साडेशहाण्णव."

मुलानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. खाली वाकून स्वतः आकडा वाचला. चुका शोधणारा माणूस तो. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक त्याच्या घरात दाराआड टांगलेली होती असं त्याला वाटलं असणार.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "म्हणजे दुकानात आपण... गिऱ्हाइकांना... इतकी वर्षं?"

मुकादमानं मालकांकडे निरखून बघितलं. "थांबा थांबा. बाजाराच्या कोपऱ्यावरचं दुकान ते तुमचंच का काका? माझ्या शाळेच्या चड्डीचं कापड तिथलंच होतं. आणि चड्डी कायम आखूड! मास्तर त्यावरून बोलायचे मला."

"तू वाढत होतास," मालक म्हणाले.

पण मुलगा हसला नाही. त्यानं मला उचललं आणि टाकायच्या सामानाच्या ढिगावर ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. तेच जास्त लागलं. फुटका आरसा, कान तुटलेला कप, आणि मी. ऐका, मी शटरखाली चेचलो, करवतीखाली गेलो, कधी हूं की चूं केलं नाही. पण त्या ढिगावर पडल्या पडल्या मी ठरवलं, की मी खोटा म्हणून या घरातून जाणार नाही. मोडका म्हणून टाका, जुना म्हणून टाका. खोटा म्हणून नाही.

मालक खुर्चीचे हात धरून उठले. गुडघे दोन्ही कडकडले. चालत ढिगापाशी आले, मला उचललं आणि म्हणाले, "सूनबाई, पडद्याचा उरलेला तागा कुठल्या खोक्यात गेला?"

"सातव्या."

"काढ."

तागा आला. मालकांनी तो पलंगावर टाकला, म्हणजे आमच्या जुन्या फळीवरच. एका झटक्यात कापड उलगडलं. त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. सात वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. मग हात चालू लागले. माझ्यावर कापड, टोकाला दोन बोटं, चिमूट, पुढे. "एक, आणि दोन बोटं. दोन, आणि दोन बोटं." पाच मीटरवर त्यांनी नखानं खूण केली आणि मुकादमाकडे बघितलं.

"लाव तुझं पोलाद."

मुकादमानं टेप लावली. वाकला, सरळ झाला, परत वाकला. "पाच मीटर," तो म्हणाला. "आणि वर अर्धं बोट."

"ते अर्धं बोट तुझ्या चड्डीचं. घेऊन जा."

मुकादम गुडघ्यांवर हात ठेवून हसला. मुलगाही हसला, सुटल्यासारखा. "बाबा, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू मोजलंस का कधी? तू नुसतं वाचतोस."

सूनबाई हसल्या नाहीत. त्या कधीच्या पलंगाकडे बघत होत्या. रुग्णाला नेमकं कुठे दुखतंय ते शोधायची नजर असते ना, तशी. शेवटी म्हणाल्या, "बाबा, मी पलंग मोजला तेव्हा तुम्ही समोर या खुर्चीतच बसला होतात."

"होतो."

"मग तेव्हा दोन बोटं का नाही दिलीत?"

इतक्या वर्षांत मालकांना एवढा सरळ सवाल कुणी केला नव्हता. शिवणकामवाल्या बाईनंसुद्धा नाही. मालकांनी मला पलंगावर ठेवलं, भिंतीवरच्या कागदापाशी गेले आणि बोट टेकवलं.

"वाच."

मुलानं वाचलं. "अनुक्रमांक अकरा. पलंग, बाबा. विचारायचं." पुढे खाडाखोड आणि 'द्यायचं'.

"माझं नाव पलंगाला जोडून आहे," मालक म्हणाले. "दहा नंबरला कपाट आहे आणि बाराला कपडे वाळत घालायचा घोडा. मधे मी. बरं, असू दे. विचारायचं म्हणून लिहिलंय, तर मी म्हटलं, विचारतील. चार दिवस मोजमाप चाललं. पलंगाला दोनदा मोजलं. मला कुणी विचारलं? बाबा, येता का? एवढे तीन शब्द. नाही विचारलं. मग म्हटलं, पलंग मावत नाही ना, ठीक आहे. आपणही मावत नाही."

मुलगा खाली बघायला लागला. सूनबाई कागदाजवळ गेल्या, स्वतःचंच अक्षर परक्यासारखं वाचत राहिल्या.

"वॉर्डात आम्ही असंच लिहितो, बाबा," त्या म्हणाल्या. "अकरा नंबरची खाट, असं. माणसाचं नाव मागून येतं. बावीस वर्षांची सवय आहे. मी तुम्हाला गृहीत धरलं होतं हो. तुम्ही येणारच, म्हणून मी फक्त पलंगाची काळजी करत बसले. आणि तुम्ही ताईंकडे राहतो म्हणालात, तेव्हा मला वाटलं तुम्हाला आमच्याबरोबर यायचंच नाही. मला राग आला. म्हणून रागानं 'द्यायचं' लिहिलं."

"रागानं?"

"रागानं. त्या दिवशी तुमच्या चहात साखर कमी होती ना?"

"होती," मालक म्हणाले. "मला वाटलं सामानात बांधली."

सूनबाईंनी पेन घेतलं, अकरावी ओळ आडवी खोडली आणि तिथे काही लिहिलं नाही. मग वळल्या. "बाबा, येता का?"

तुम्हाला वाटेल, मालकांनी डोळे पुसून हो म्हटलं. दुकानदार पहिल्या भावाला हो म्हणत नाही.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"बाबा!" मुलगा म्हणाला.

"गप. माझ्या अटी आहेत. खिडकीकडे माझं डोकं."

"दिलं," सूनबाई म्हणाल्या. त्याही काही कच्च्या नव्हत्या. "पण सकाळी गुडघ्यांचा व्यायाम."

"एक दिवसाआड."

"रोज."

"रोज, पण मोजणारा मी. गज माझ्याबरोबर येणार. खोक्यात नाही, हातात."

"बरं. आणखी?"

मालकांनी कागदाकडे हात केला. "न्यायच्या रकान्यात मला घालायचं नाही. मला कुणी नेणार नाहीये. वर तुमची दोघांची नावं आहेत ना, कोण काय बघणार त्याची? तिथे माझं नाव लिही. काचेची भांडी मी बांधीन. तुमचं बांधलेलं बघितलंय मी, अर्धी भांडी वाटेतच निवृत्त होतील."

सूनबाईंनी लिहिलं. पलंग 'न्यायचं'मध्ये गेला, एकटा. मुकादमानं आपल्या वहीत ताईंच्या घरची फेरी खोडली आणि विचारलं, "म्हणजे पलंग मावतो नं ताई?"

"दोन मीटर आहे हो," सूनबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "आमच्या गजानं मोजलाय."

पुस्तकांची मांडणी मात्र शेजाऱ्यांनी परत दिली नाही. म्हणाले, आता तिच्यावर झाडं ठेवलीत. मुलगा अजूनही त्यावरून माझ्याकडे तिरका बघतो. बघू दे. मी माफी मागणार नाही. मी होतो तेवढाच होतो, मोजणाऱ्यानं विचारायला हवं होतं. ताई दोन दिवस फुगून बसली, कारण तिनं मागची खोली रंगवून घेतली होती. मग निघायच्या दिवशी वडिलांसाठी उशी घेऊन आली. "या उशीवरून तरी माझ्याशी भांडू नका," म्हणाली. मालक म्हणाले, "जरा कडक आहे." मग दोघं तासभर बोलत बसली.

आता मी नव्या घरात आहे. पलंग त्या एकुलत्या भिंतीला बसला आणि पायाकडे पाच सेंटीमीटरांची फट उरली. त्या फटीत मी उभा असतो. मला तिथे कुणी मुद्दाम ठेवलं नाही. मालकांनी सामान लागल्यावर इकडे तिकडे बघितलं आणि सहज सरकवलं. जागा माझ्या मापाची निघाली.

क्वार्टरमधल्या परिचारिकांना कळलंय की प्रमुखबाईंचे सासरे पडदे मोजून देतात. सुटीच्या सकाळी दोघीतिघी येतात. मालक मला घेऊन त्यांच्या खिडक्यांवर जातात आणि मोजतात, एक, आणि दोन बोटं. त्या आपसात म्हणतात, काका किती मोकळ्या हाताचे, दर वेळी वर देतात. मालक ना हो म्हणत ना नाही. या घरातले पडदे आता जमिनीला लागत नाहीत. शिंपी तोच असता तर त्याची क्षमा मागता आली असती.

स्वयंपाकघरातल्या खिळ्याला सूनबाईंनी एक पोलादी टेप आणून टांगलीय. सरळ, चकचकीत, पूर्ण मापाची. तिला मी काही म्हणत नाही. तिचाही एक पूर्वज मी भंगारात जाताना पाहिलाय.

परवा मुलगा कुठूनसा शिसवीचा तुकडा घेऊन आला, बरोबर साडेतीन सेंटीमीटरचा. गोंद आणि दोन बारीक खिळेही आणले होते. प्रेमानंच आणले होते, ते मला कळतं. "बाबा, याला पूर्ण करून टाकू या."

मालकांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट बघितला, त्याच्या कामाची तारीफ केली आणि खिडकीच्या दाराखाली पाचर म्हणून बसवला. ते दार वाऱ्यानं आपटायचं.

बरं केलं. मला जोडू नका, ताणू नका, माझ्यावर शिक्का मारू नका. मी दोन बोटं कमी आहे आणि तसाच राहणार. कुणाला खिडकी, पलंग, घर, काहीही मोजायला मला न्यायचं असेल तर खुशाल न्या, मी येईन. फक्त ज्याच्यासाठी मोजताय त्याला आधी विचारा. आणि माझ्याबरोबर एक हात पाठवा, ज्याला बोटं आहेत आणि ती द्यायची दानत आहे. बाकी मी बघून घेईन.